पेडल थरथरलं आणि तिने पाय उचलला: कुंभार्ली घाटातल्या एका अपघाताचा तपास

जूनचा दुसरा आठवडा, संध्याकाळचे सहा वाजत आलेले. पुतणीचा फोन आला. "काका, गाडी गटारात गेली. ब्रेक फेल झाले." आवाज कापत होता, तरी पुढच्याच वाक्यात तिने सांगितलं, "मला काही लागलेलं नाही." मी गॅरेजातल्या पोराला दोरी आणि जॅक घ्यायला सांगून चिपळूणहून निघालो. पोफळी सोडून घाट चढायला लागल्यावर थोड्याच वेळात ती दिसली. डोंगराच्या बाजूच्या गटारात डावी दोन्ही चाकं, बंपर फुटलेला, डावा हेडलाइट गेलेला. आणि गाडीच्या नाकापासून जेमतेम तीन मीटरवर बंद पडलेल्या ट्रकची मागची फळी.

ते तीन मीटर पाहिले तेव्हाच मनात शंका आली. ब्रेक खरोखर फेल झाले असते, तर गाडी गटारात गेलीच नसती. ती सरळ ट्रकखाली गेली असती.

हे सगळं सविस्तर लिहायचं ठरवलं, कारण अठ्ठावीस वर्षांच्या कामात "ब्रेक फेल झाले" म्हणत आलेल्या बऱ्याच गाड्या मी पाहिल्या आणि त्यातल्या काहींचे ब्रेक अगदी शाबूत निघाले. प्रत्येक वेळी मी "काही झालेलं नाही, घेऊन जा" म्हणून मोकळा झालो. काय घडलं असेल, हे त्या माणसाला बसवून समजावलं नाही. या वेळी गाडीत घरची मुलगी होती.

घाटात काय झालं

ती कऱ्हाडला एका रुग्णालयात परिचारिका आहे. सुट्टीला चिपळूणला घरी येत होती. गाडी २०१९ सालची, पेट्रोल, हाताने गिअर टाकायची छोटी हॅचबॅक. कोयनानगर मागे पडल्यावर पावसाची सर आली, मोसमातली पहिलीच. घाट उतरताना एक वळण संपून थोडा सरळ पट्टा लागतो, तिथे ती चौथ्या गिअरमध्ये होती आणि वेग तिच्याच सांगण्याप्रमाणे ताशी ५० च्या आसपास. उतारावर त्या पट्ट्यात तिसरा गिअर हवा होता, हे मी तिला नंतर सांगितलं. पण तो या प्रकरणाचा गाभा नाही.

वळण संपलं आणि समोर ट्रक उभा दिसला. मागे झाडाची फांदी आणि चार दगड. घाटात गाडी बंद पडली की लावायची ही आपल्याकडची जुनी खूण. कोरड्या दिवशी ती लांबून दिसते, पावसात हिरवी फांदी हिरव्या डोंगरात मिसळून जाते. (ट्रक दुरुस्त होऊन निघून जातात आणि दगड तिथेच राहतात, तो आणखी वेगळा त्रास.)

तिने ब्रेक दाबला. जोरात दाबला, आणि हे तिने बरोबर केलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजात चहा पीत बसलो असताना मी तिला पुढचं सगळं सावकाश सांगायला लावलं.

"पेडल खाली गेलं, की पायाला परत ढकलत होतं?" माझा पहिला प्रश्न हा होता.

"ढकलत होतं," ती म्हणाली. "खालून कुणीतरी भराभर हातोडी मारतंय असं वाटलं. आणि आवाज. घर्रर्र. गिअर नीट पडला नाही की येतो ना, तसा."

"मग तू काय केलंस?"

"पाय उचलला. वाटलं काहीतरी तुटलं. पुन्हा दाबला, तर पुन्हा तेच. पुन्हा उचलला. मग तुमचं आठवलं, की दाबत राहायचं, सोडत राहायचं. पण तेवढ्यात ट्रक जवळ आला. पाय दाबला आणि स्टिअरिंग डावीकडे ओढलं."

एवढ्या बोलण्यात सगळं उत्तर होतं. ब्रेक फेल होतो तेव्हा पेडल परत ढकलत नाही. ऑइल गळालं असेल, पाइपात हवा असेल किंवा ऑइल उकळून त्याची वाफ झाली असेल, तर पेडल मऊ पडतं आणि पायाखालून निसटून तळाला जातं. पायाला ठोके देणारं पेडल म्हणजे आत दाब आहे आणि कुणीतरी तो दाब भराभर कमी-जास्त करतंय. ते 'कुणीतरी' म्हणजे एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम), ब्रेक जोरात लागला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा.

तरीही गाडी खोलली

अंदाजावर गाडी परत देता येत नाही, म्हणून सगळं तपासलं. ब्रेक ऑइलची पातळी बरोबर, त्यातलं पाणी मोजलं तर धोक्याच्या खूप खाली. घाट उतरणाऱ्या गाडीत हे बघावंच लागतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतली ओल शोषून जुनं झालं की हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. सतत ब्रेकवर घाट उतरवलेल्या गाडीत चाकाजवळची उष्णता तिथपर्यंत पोहोचते. म्हणूनच दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. इथे ते आदल्याच वर्षी बदललेलं होतं.

पुढचे पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक. डिस्क सरळ, डायल लावून पाहिली. मागच्या ड्रममधले लायनर ठीक, सिलिंडर कोरडे. चारही चाकांच्या सेन्सरच्या वायरी शाबूत. किल्ली फिरवल्यावर एबीएसचा पिवळा दिवा लागून काही सेकंदांत विझत होता, म्हणजे यंत्रणेने स्वतःची तपासणी करून 'ठीक आहे' म्हटलेलं. स्कॅनर लावला, एकही कोड नाही. अनेकांना वाटतं की एबीएसने काम केलं तर त्याची नोंद कोडमध्ये दिसेल. सर्वसाधारण छोट्या गाडीत तसं होत नाही. कोड बिघाडाचा साठतो, आणि काम करणं हा बिघाड नाही.

खोट सापडली ती टायरात. पुढचे बरे होते, मागचे मात्र खाचांमधल्या खुणेला टेकायला आले होते. ती खूण १.६ मिलीमीटरवर असते आणि कायद्याने तीच शेवटची मर्यादा आहे. माझ्या मते आपल्याकडच्या पावसात त्या मर्यादेची वाट बघूच नये. खाच उथळ झाली की पाणी बाजूला फेकायला जागा उरत नाही. मागचे दोन्ही टायर त्याच दिवशी उतरवले.

एबीएसच्या डब्यात काय चालतं

एबीएस समजायला एकच गोष्ट आधी पटायला हवी: गाडी ब्रेक थांबवत नाही, टायर थांबवतो. ब्रेक चाकाला धरतो आणि टायर रस्त्याला धरतो. ब्रेक इतका जोरात लागला की चाक फिरायचंच बंद झालं, म्हणजे जाम झालं, तर टायर रस्त्यावरून नुसता फरफटतो. फरफटणाऱ्या टायरची पकड ओल्या डांबरावर आणखी कमी होते, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला दिशा उरत नाही. स्टिअरिंग पूर्ण फिरवा, गाडी जिथे चालली होती तिथेच जाते. साबणाच्या पाण्यावरून पाट ढकलावा तशी.

सर्वांत चांगली पकड मिळते ती चाक फिरत असताना, पण गाडीच्या वेगापेक्षा थोडं मागे राहून फिरत असताना. हा फरक डांबरावर साधारण १० ते २० टक्क्यांचा धरतात. माणसाच्या पायाला ही सीमा सापडणं फार अवघड, त्यातून घाबरलेल्या पायाला तर नाहीच.

म्हणून प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी किंवा चुंबकी कडीवरून तो वेग मोजत राहतो. एखादं चाक अचानक, गाडी ज्या गतीने मंदावणं शक्यच नाही त्या गतीने मंदावलं, की कंट्रोलरला कळतं की हे आता जाम होणार. तो त्या चाकाकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करतो. तुम्ही कितीही दाबा, त्या चाकाचा दाब आता वाढत नाही. तरी चाक मंदावतच असेल तर दुसरा व्हॉल्व्ह उघडून थोडं ऑइल बाहेर सोडतो, आणि चाक पुन्हा फिरायला लागतं. मग परत दाब. हे सगळं सेकंदाला दहा-पंधरा वेळा होऊ शकतं, आणि चाकाचाकाचा हिशेब वेगळा.

आता पायाकडे येतो. बाहेर सोडलेलं ऑइल कुठे जातं? एक छोटा विजेचा पंप ते उचलून परत पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरच्या बाजूला ढकलतो. त्या बाजूला तुमचा पाय आहे. तुम्ही पेडल खाली दाबता आणि पंप तेच ऑइल तुमच्याकडे परत पाठवतो. पुतणीला जाणवलेली 'खालून मारलेली हातोडी' ती ही. घर्रर्र आवाज त्या पंपाचा आणि व्हॉल्व्हच्या उघडझापीचा. काही तुटल्याचा नाही.

प्रत्येक गाडीत हा अनुभव थोडा वेगळा येतो. काहींत पेडल नुसतं शहारतं, मोबाइल कंपन करतो तसं. काहींत ते पायाला स्पष्ट धक्के देतं आणि इंचभर वर-खाली होतं. काही वेळा आधी एकदम थोडं खाली जातं आणि मग कडक होऊन थरथरतं. हे खाली जाणं नवख्याला फार घाबरवतं. फरशीतूनही थरथर येते, कधी पुढे बोनेटखालून कट-कट-कट ऐकू येतं. गाडी झटके देत थांबतेय असं वाटतं. शेवटच्या हातभर अंतरात, वेग अगदी उतरला की एबीएस बाजूला होतं आणि चाकं क्षणभर जामही होऊ शकतात, तेही ठीकच. सकाळी गाडी सुरू करून पहिल्यांदा थोडा वेग घेतल्यावर पुढून 'टक्' किंवा छोटी 'घुर्र' ऐकू येते, ती बऱ्याच गाड्यांत याच पंपाची रोजची हजेरी असते. ज्यांनी खरा एबीएस कधी अनुभवला नाही त्यांनी निदान हा आवाज कान देऊन ऐकावा.

पाय उचलल्याची किंमत

दोन दिवसांनी आम्ही दोघं त्या जागी गेलो. वळण जिथे उघडतं तिथपासून ट्रकच्या जागेपर्यंत मी पावलं मोजली, ती साधारण ४५ मीटरची भरली. मग घरी येऊन वहीत गणित मांडलं.

ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. ट्रक दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला तर १४ मीटर तिथेच संपले. पहिल्या सरीनंतर रस्त्यावर उन्हाळाभराची धूळ, टायरचं रबर आणि गळलेलं ऑइल यांचा लेप तयार होतो. त्यावर पकड कोरड्या डांबराच्या निम्मी धरली आणि उतार वीसास एक धरला, तर पाय न उचलता थांबायला आणखी सुमारे २८ मीटर लागतात. एकूण ४२. म्हणजे गाडी ट्रकच्या अलीकडे उभी राहिली असती. फार अलीकडे नाही, हेही मान्य. दोन-तीन मीटर.

आता समजा, एक सेकंद ब्रेक लावल्यावर एक सेकंद पाय उचलला. त्या एका सेकंदात गाडी दहा-अकरा मीटर विनाब्रेक पुढे जाते, म्हणजे अडीच गाड्यांची लांबी. आणि जिथे ती थांबायला हवी होती, तिथे ती अजून ताशी तेहेतीसच्या वेगाने धावत असते. तिने पाय दोनदा उचलला. तिचं उचलणं पूर्ण सेकंदभराचं नसणार, पण हिशेब कुठल्या दिशेला जातो ते कळायला एवढं पुरे.

मग ती वाचली कशी? शेवटच्या क्षणी पाय दाबलेला असताना तिने स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि गाडी वळली. ब्रेक पूर्ण दाबलेला, रस्ता निसरडा, तरी पुढची चाकं वळली. चाकं जाम झाली असती तर ती वळलीच नसती. तिला जी यंत्रणा मोडली असं वाटलं, तिनेच तिला ट्रकखालून काढून गटारात नेलं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

माझी शिकवण

"दाबत राहायचं, सोडत राहायचं" हे तिला मी शिकवलं होतं. अठराव्या वर्षी, माझ्या जुन्या गाडीवर, जिच्यात एबीएस नव्हतं. त्या गाडीसाठी ते बरोबरच होतं. मी स्वतः फियाट आणि अँबॅसडरवर काम शिकलो, चारही चाकांना ड्रम. ओल्यात चाक जाम झालं की पाय सोडायचा, चाक फिरू द्यायचं, पुन्हा दाबायचं. आम्ही त्याला पंप मारणं म्हणायचो. ज्याला हे जमायचं तो चांगला ड्रायव्हर. आता तेच काम यंत्र माझ्या पायापेक्षा कितीतरी वेगाने करतं, आणि मी पाय सोडला की त्याच्या हातातला दाबच काढून घेतो. तिने नवी गाडी घेतली त्या दिवशी मी तिला जुनी शिकवण बदलून द्यायला हवी होती. इंजिन, बॅटरी, पंक्चरचं सामान, सगळं दाखवलं. हे राहिलं. ही चूक माझी आहे आणि मला ती लिहून ठेवायची आहे.

असं इतरत्रही झालेलं आहे. विमानाचं चाक धावपट्टीवर जाम होऊ नये म्हणून १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये डनलॉपने मॅक्सारेट नावाची यांत्रिक रचना आणली होती. मोटारीत इलेक्ट्रॉनिक एबीएस खऱ्या अर्थाने बसलं ते १९७८ मध्ये, बॉशने बनवलेलं आणि मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लासमध्ये. १९९० च्या दशकात अमेरिकेत ते साध्या गाड्यांत पसरलं तेव्हा तिथल्या ड्रायव्हरांना मुद्दाम शिकवावं लागलं की आता पंप मारू नका, दाबा आणि दाबून धरा. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, १२५ सीसीच्या वरच्या दुचाक्यांनाही. गाडीत आलं ते कायद्याने. पायाला मात्र कुणी सांगितलं नाही. लायसन्ससाठी आठचा आकडा काढतात, गाडी मागे घेऊन दाखवतात, पण पूर्ण ताकदीने ब्रेक मारून दाखव असं मला तरी कुणी कधी म्हटलं नाही. माझ्या ओळखीच्या दहा ड्रायव्हरांना विचारलं तर सातांनी एबीएस कधी अनुभवलंच नव्हतं, आणि ते बिचारे नीट, जपून चालवणारे आहेत. जपून चालवणाऱ्याच्या पायाला ही थरथर पहिल्यांदा भेटते ती नेमकी सर्वांत वाईट क्षणी.

रविवारची सकाळ

म्हणून पुढच्या रविवारी सकाळी सहाला, रात्रभराच्या पावसानंतर, तिला एमआयडीसीतल्या एका रिकाम्या सरळ रस्त्यावर नेलं. दोन्ही टोकांना गॅरेजातली पोरं उभी केली, मागून कुणी आलं तर हात दाखवायला. गाडीतलं सैल सामान काढलं, पाण्याची बाटलीसुद्धा. ती सीटखालून घरंगळत पेडलखाली गेली तर प्रसंग खराच होतो. सीट अशी पुढे घेतली की पेडल पूर्ण दाबूनही गुडघा थोडा वाकलेला राहील. पुष्कळ माणसं इतकी मागे बसतात की त्यांचा पाय पूर्ण ताकद लावूच शकत नाही.

आधी मी चालवली आणि ती शेजारी बसली. ताशी ४०, क्लच आणि ब्रेक दोन्ही एकदम तळापर्यंत. घर्रर्र. गाडी थांबली. "हाच आवाज," ती म्हणाली.

मग ती चालवायला बसली. तिला सगळं कळलेलं होतं, गणितही पाठ होतं. ताशी ३० ला तिने ब्रेक मारला, पेडल थरथरलं, आणि तिने पाय उचलला.

मला हे अपेक्षित नव्हतं. कळणं वेगळं आणि पायाला कळणं वेगळं. दुसऱ्यांदा तिने ब्रेक मारलाच नाही नीट, अर्धवट दाबला, एबीएस आलंच नाही. तिसऱ्यांदा मी सांगितलं, "पेडल तोडायचं आहे असं समज. तुटलं तर मी बसवीन." तेव्हा तिने दाबलं आणि धरलं. गाडी कटकट करत उभी राहिली. तिने लगेच पाय सोडला नाही, तसाच दाबून बसून राहिली आणि माझ्याकडे बघितलं. त्यानंतर पाच-सहा वेळा केलं. शेवटी रस्त्याच्या मध्यभागी ऑइलचा रिकामा प्लास्टिकचा डबा ठेवला: पूर्ण ब्रेक दाबलेला ठेवून डब्याच्या बाजूने वळायचं. पहिल्या दोन वेळा डबा उडाला, कारण ती डब्याकडेच बघत होती. डब्याशेजारच्या मोकळ्या रस्त्याकडे बघायला सांगितलं, तेव्हा गाडी वळली.

एक प्रयोग जाता जाता केला. डावी चाकं साइडपट्टीच्या खडीवर ठेवून ताशी २० ला ब्रेक मारला. खडीवर एबीएस चटकन जागं होतं, त्यामुळे हलका अनुभव घ्यायला ही जागा बरी. पण तिथेच तिला हेही दाखवलं की सैल खडीवर एबीएस असलेली गाडी जास्त अंतर घेते. जाम झालेलं चाक स्वतःपुढे खडीचा ढीग करतं आणि त्याला अडतं, फिरणारं चाक त्यावरून चढून जातं. एबीएस नवी पकड तयार करत नाही. रस्ता आणि टायर मिळून जेवढी देतील तेवढीच वापरतं. म्हणून ते मागचे टायर उतरवले.

दुसऱ्या थरथरी

यानंतर आठवड्याभरात तिने मला दोनदा फोन करून "पेडल हललं" असं सांगितलं. एकदा उंचवटे आखलेल्या पट्ट्यांवरून जात होती, एकदा खड्डा होता. ते चांगलंच, निदान लक्ष देते आहे. पण फरक लक्षात ठेवायला हवा. रोजच्या हलक्या ब्रेकला पेडल संथ, चाकाच्या फेऱ्याबरोबर हलत असेल आणि स्टिअरिंगही थरथरत असेल, तर ती डिस्क वाकडी किंवा कमी-जास्त झिजलेली असते. एबीएस फक्त पकड सुटायला आली तरच येतं. कोरड्या रस्त्यावर, सिग्नलला अगदी हळू थांबताना शेवटच्या क्षणी दरवेळी घर्र होत असेल, तर बहुधा सेन्सरच्या बुडाशी गंज आहे किंवा कडीला तडा. कोकणात गंजाचं प्रकरण नेहमीचं. ती गाडी दाखवायलाच हवी. आणि पिवळा दिवा चालू राहिला तर साधे ब्रेक चालू असतात, एबीएस नसतं. म्हणजे तेवढ्यापुरती गाडी माझ्या जुन्या फियाटसारखी, आणि तिथे माझी जुनी शिकवण लागू.

या सगळ्या प्रकरणात एक माणूस अजून पटलेला नाही, तो माझा मोठा भाऊ, तिचे वडील. त्याने आयुष्यभर एसटी चालवली, हाच घाट शेकडो वेळा उतरला, हवेच्या ब्रेकवर, आणि एकही अपघात नाही. त्याचं म्हणणं एकच आहे: पायाला धक्के देणारा ब्रेक म्हणजे खोट असलेला ब्रेक, गाडी विका. त्याच्या पायाचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे, त्यामुळे वहीतलं गणित त्याच्यापुढे ठेवायला मला संकोच वाटतो. पुतणीने ते ठेवून पाहिलं, त्याने वही मिटली.

काल तिने त्याला विचारलं, "दादा, रविवारी पाऊस असला तर एमआयडीसीत याल का? गाडी तुम्हीच चालवा." तो काही बोलला नाही. पण रात्री जेवताना त्याने मला विचारलं की तिथला रस्ता किती रुंद आहे. ऑइलचे आणखी दोन रिकामे डबे मी बाजूला काढून ठेवलेत.